सव्वा पैशाची गवार: शाम्पूतला मऊपणा, त्याचा धोका आणि त्याचा खर्च

पांढुर्णा असो की सौंसर, किराणा दुकानाच्या दारातच शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. एक रुपया, दोन रुपये. या पुडीनं धुतलेले केस ओले असतानाच बोटांतून सुळकन सुटतात. अंगाच्या साबणानं धुतले तर तेच केस करकरीत होतात आणि फणीत अडकतात. हा फरक घडवणारे घटक चार-पाच आहेत. त्यातला स्वस्त आणि पुष्कळ शाम्पूंमध्ये असणारा एक घटक म्हणजे ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड.

नाव वाचूनच धास्ती वाटावी असं आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश असल्या नावांभोवती लाल गोल काढून ‘हे केमिकल डोक्याला लावू नका’ असं बजावतात. मग आई मुलीची पुडी बंद करते आणि तिच्यासाठी चौपट किमतीची ‘केमिकल-फ्री’ बाटली आणते. प्रत्यक्षात हे नाव ज्या वस्तूचं आहे ती गवारीच्या बियांपासून बनते. आपण जिची भाजी करतो तीच गवार. ती डोक्याला लावणं सुरक्षित आहे का, तिचा फायदा नेमका किती, आणि त्या फायद्यासाठी किती पैसे मोजावेत, हे तिन्ही प्रश्न एकत्रच सोडवायला हवेत, कारण भीती आणि खर्च या बाजारात हातात हात घालून येतात.

आपल्या भागात हे सांगण्याची गरज जरा जास्तच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. इथं घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, तर बाटलीवरची घटकांची यादी इंग्रजीत आणि तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईचे केस ऊन, धूळ आणि घाम झेलतात. तिच्या केसांना मऊपणा हवाच असतो. तो काय भावाला घ्यावा, हे तिला कोणी सांगत नाही.

गवार केसावर चिकटते कशी

गवारीची बी फोडली की तिच्या आत पांढरट, कडक गर असतो. तो दळला की गवार गम तयार होतो. पाण्यात टाकला की तो भेंडीच्या रसासारखा तार धरतो. आइस्क्रीम आणि सॉसच्या पाकिटावर ‘४१२’ हा क्रमांक दिसला तर तो हाच गम. जगात पिकणाऱ्या गवारीपैकी सुमारे ८० टक्के भारतात पिकते आणि त्यात राजस्थान सर्वांत पुढे आहे. शेलच्या खडकातून तेल आणि वायू काढण्यासाठी अमेरिकेला हा गम एवढा लागू लागला की २०११-१२ मध्ये त्याचे भाव आकाशाला भिडले आणि मार्च २०१२ मध्ये सरकारला गवारीचे वायदे बंद करावे लागले. शेंगेच्या भाजीपलीकडे या पिकाचा पसारा असा मोठा आहे.

साधा गम केसांना लावला तर पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून कारखान्यात त्यावर एक रासायनिक प्रक्रिया करतात आणि त्या लांबलचक रेणूला जागोजागी धन विद्युतभाराचे बिंदू जोडतात. केसाच्या पृष्ठभागावर, त्यातही झिजलेल्या, रंगवलेल्या, उन्हानं करपलेल्या केसावर, ऋण भार असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढून घेतात. त्यामुळे गवार नेमकी तिथं जास्त बसते जिथं केस जास्त खराब झालेला असतो.

यातली खरी गंमत पाणी ओतताना घडते. शाम्पू पुडीत दाट असतो तोवर गवार त्यात विरघळलेली राहते. डोक्यावर पाणी पडून फेस पातळ झाला की गवार आणि फेस करणारा घटक मिळून बारीक गोळे धरतात, पाण्यातून बाहेर पडतात आणि केसावर पातळ थरासारखे बसतात. शाम्पूत सिलिकॉनचे थेंब असतील तर तेही या थराबरोबर चिकटतात. ग्राहकाच्या दृष्टीनं यातून एक कामाची गोष्ट निघते: शाम्पू दहा मिनिटं डोक्यावर ठेवून मऊपणा वाढत नाही. तो धुताना उतरतो.

आता फायदा मोजून सांगायला हवा. केसावर हा थर बसला की केसाला केस घासणं कमी होतं, फणी सहज फिरते, गुंता सुटतो आणि विंचरताना होणारी मोडतोड घटते. लांब केसांच्या बाईला, कुरळ्या केसांच्या मुलीला आणि रोज केस बांधून पदराखाली ठेवणाऱ्यांना हा फायदा स्पष्ट जाणवतो. पण गवारीनं नवा केस उगवत नाही, केस दाट होत नाहीत आणि दुभंगलेलं टोक पुन्हा जुळत नाही. त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव धागा आहे. त्याची ‘दुरुस्ती’ करण्याचा दावा बाटलीवर दिसला तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की खडबडीत पृष्ठभागावर तात्पुरता थर बसेल आणि पुढच्या काही धुण्यांत निघून जाईल.

मग धोका कुठं आहे

गवारीचा हा रेणू प्रचंड मोठा असतो. त्वचेतून आत शिरण्यासाठी रेणू फार लहान असावा लागतो, आणि हा त्याच्या शेकडो पट मोठा आहे. तो डोक्याच्या कातडीवरच राहतो आणि बहुतेक भाग पाण्याबरोबर जातो. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळानं गवारीचा गम आणि त्यापासून बनलेले घटक एकत्र तपासले आणि सध्याच्या वापरात ते सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. शाम्पूत त्याचं प्रमाणही जेमतेम असतं, साधारण ०.१ ते ०.५ टक्के.

नावातल्या ‘क्लोराइड’नं घाबरण्याचं कारण नाही. जेवणातलं मीठही सोडियम क्लोराइडच आहे, आणि शाम्पू दाट करण्यासाठी तेही त्यात घालतात.

गवारीची भुकटी मात्र श्वासातून जाणं चांगलं नाही. ज्या कारखान्यांत सुका गम हवेत उडतो तिथल्या कामगारांना दमा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ओल्या शाम्पूत हा प्रश्न उद्भवत नाही. पण हल्ली ऑनलाइन कच्चा माल मागवून घरी शाम्पू बनवणाऱ्या मुली आहेत. त्यांनी ही भुकटी पंख्याखाली कधीच उघडू नये आणि तोंडाला रुमाल बांधावा.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली आहे. ज्यांचे केस बारीक आणि डोकं तेलकट, त्यांच्या केसांवर गवारीचा आणि सिलिकॉनचा थर धुण्यागणिक साचत जातो. केस चपटे पडतात, धुतल्यावरही जड वाटतात. याला उपाय स्वस्त आहे. महिन्यातून एक-दोनदा असा साधा, पारदर्शक शाम्पू वापरावा ज्याच्या यादीत ग्वार, पॉलिक्वाटर्नियम किंवा डायमेथिकॉन यांपैकी काहीच नसेल. एवढ्यानं थर निघतो. त्यासाठी पार्लरमधली ‘डिटॉक्स ट्रीटमेंट’ घेण्याची गरज नाही.

ॲलर्जी कोणालाही कशाचीही होऊ शकते. शाम्पूच्या बाबतीत तिचं कारण बहुधा सुगंध किंवा टिकाऊपणासाठी घातलेला घटक असतो. नवा शाम्पू आणल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ आली तर तो शाम्पू बाजूला ठेवावा.

यादीत गवारीची भावंडंही भेटतील, आणि त्यांच्या बाबतीत थोडी जास्त काळजी रास्त आहे. ‘सेट्रिमोनियम क्लोराइड’ आणि ‘बेहेनट्रिमोनियम क्लोराइड’ हे कंडिशनरमधले मुख्य कामकरी. त्यांचे रेणू लहान असतात आणि प्रमाण वाढलं तर डोळ्यांना व त्वचेला झोंबतात. म्हणून युरोपात त्यांना मर्यादा घातली आहे. धुऊन टाकायच्या केसांच्या उत्पादनात सेट्रिमोनियम २.५ टक्क्यांपर्यंत आणि बेहेनट्रिमोनियम ५ टक्क्यांपर्यंत चालतं. डोक्यावर तसंच ठेवायच्या क्रीममध्ये ही मर्यादा अनुक्रमे १ आणि ३ टक्के आहे. कंडिशनर मुळांपासून चोळू नये, केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत लावावा आणि धुताना डोळे मिटावेत, हे त्यामुळेही बरं. ‘सेटिल अल्कोहोल’, ‘सेटेअरिल अल्कोहोल’ या नावांनी दचकू नये. ते मेणासारखे स्निग्ध पदार्थ असतात आणि केस कोरडे करत नाहीत.

डायमेथिकॉन या सिलिकॉनवरही पुष्कळ आरोप होतात. पोटातल्या गॅसवरच्या औषधांत त्याच्याच जातीचा पदार्थ असतो आणि तो आपण गिळतो. केसांवर तो थर धरतो एवढंच. युरोपनं ज्यांच्यावर बंधन आणलं ते डी-४ आणि डी-५ नावाचे वेगळे, उडून जाणारे सिलिकॉन आहेत. धुऊन जाणाऱ्या प्रसाधनांत त्यांचं प्रमाण जानेवारी २०२० अखेरपासून ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं, आणि त्यामागचं मुख्य कारण ते पाण्यात व गाळात दीर्घकाळ टिकून राहतात हे आहे. ‘सायक्लोपेंटासिलॉक्सेन’ असं नाव यादीत वाचलं तर तो डी-५.

माळकरी घरांतून आणखी एक प्रश्न येतो: हे शाकाहारी आहे का? गवार शाकाहारी आहे. ‘हायड्रोलाइज्ड केराटिन’ मात्र लोकर, शिंगं, पिसं यांपासून मिळतं. बाटलीवर हिरवा ठिपका आहे का ते बघावं.

पुडीवर यादी का नसते

आपल्या देशातल्या नियमानुसार सौंदर्यप्रसाधनावर घटकांची यादी छापावी लागते. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं, त्याखालचे कोणत्याही क्रमानं. गवार १ टक्क्याखाली असल्यानं ती यादीच्या मध्यावर किंवा शेवटी कुठंही सापडते. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘आर्गन’, ‘बदाम’, ‘कोरफड’ लिहिलेलं असतं. तीच नावं मागच्या यादीत सुगंधाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली सापडली तर ती चिमूटभरच आहेत असं समजावं.

पण ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पाकिटांना ही यादी छापण्यातून सूट आहे. म्हणजे आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारी पुडीच या नियमातून सुटते. काही कंपन्या तरीही यादी छापतात, काही छापत नाहीत. यावर मार्ग एकच: दुकानदाराला सांगायचं, ‘भाऊ, याच नावाची बाटली जरा दाखवा,’ आणि त्या बाटलीची मागची बाजू मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचायची. नाव तेच आणि प्रकारही तोच हवा. एकाच नावाचे काळे, हिरवे, गुलाबी असे चार प्रकार असतात आणि त्यांतले घटक वेगवेगळे असू शकतात.

पुडी घेताना तीन गोष्टी मात्र तिच्यावर बघून घ्याव्यात: बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख आणि उत्पादकाचं नाव-पत्ता. आठवडी बाजारात चादरीवर मांडलेल्या, छपाई पुसट झालेल्या, नावाचं स्पेलिंग एखाद्या अक्षरानं चुकलेल्या पुड्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. नकली शाम्पूत काय असतं हे कुठल्याच यादीवरून कळत नाही, आणि खरा धोका तिथंच आहे.

हिशोब

दोन रुपयांच्या ६ मिलीच्या पुडीत ०.२ टक्के गवार धरली तर ती १२ मिलिग्रॅम भरते. या गवारीचा भाव किलोला १,००० रुपये धरला तरी १२ मिलिग्रॅमची किंमत सव्वा पैसा. ओले केस बोटांतून सुळकन सुटतात त्या सुखातला गवारीचा वाटा एवढाच. पुढच्या सगळ्या खर्चाकडे या सव्वा पैशाच्या नजरेतून बघावं. बाकीचे पैसे फेसाला, सुगंधाला, बाटलीला आणि जाहिरातीला जातात.

खालचे भाव हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. दुकानात जाऊन छापील किंमत आणि मिली बघावेत आणि तेच गणित पुन्हा मांडावं.

आधी पुडी. ६ मिलीला २ रुपये, म्हणजे मिलीला ३३ पैसे. तेल लावलेले लांब केस धुवायला दोन पुड्या लागतात, म्हणजे ४ रुपये. आठवड्यातून दोनदा धुतले तर वर्षाला ४१६ रुपये.

आता बाटली. ३४० मिलीची बाटली ३०० रुपयांना धरली तर मिलीला ८८ पैसे. तेवढेच १२ मिली वापरले तर एका धुण्याला साडेदहा रुपयांच्या वर आणि वर्षाला सुमारे १,१०० रुपये. मोठी वस्तू घेतली की स्वस्त पडते हा किराण्याचा नेहमीचा नियम शाम्पूला आपल्या देशात उलटा लागतो. १९८० च्या दशकात तमिळनाडूतल्या सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू पुडीतून गावोगाव नेला. पुढे सगळ्याच कंपन्या एक-दोन रुपयांच्या ठरलेल्या किमतीत माल बसवण्याच्या स्पर्धेत उतरल्या. त्या स्पर्धेचा फायदा पुडी घेणाऱ्याला मिळतो. शिवाय पुडीत माल मोजका असतो आणि बाटलीतून हात सैल सुटतो. खिशाचा विचार केला तर पुडीच घ्यावी. पण तिचं थराथराचं प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही आणि ते नाल्यातून थेट जाम नदीकडे जातं, त्यामुळे रिकाम्या पुड्या एका डब्यात जमवून घंटागाडीत टाकाव्यात.

कराचा मुद्दाही इथंच बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बाटलीवर हा फरक छापील किमतीत दिसतो. पुडीची किंमत एक किंवा दोन रुपयांना बांधलेली असल्यानं तिथं तो मालाच्या वाढलेल्या वजनात दिसायला हवा. जुनी आणि नवी पुडी शेजारी ठेवून छापलेले मिली ताडून बघण्यासारखे आहेत. त्या सवलतीच्या यादीत शाम्पू आणि तेलाची नावं आहेत, कंडिशनरचं नाही. म्हणजे वेगळा कंडिशनर घेणाऱ्याला कराचा भार जास्त पडतो.

मग वेगळा कंडिशनर घ्यावा का? १८० मिलीची ट्यूब २०० रुपयांना धरली आणि दर वेळी ८ मिली लावला, तर एका धुण्याला ९ रुपये आणि वर्षाला सव्वानऊशे. फक्त टोकांना लावला तर याच्या निम्म्यात भागतं. केस कमरेपर्यंत असतील, कुरळे असतील, रंगवलेले किंवा ब्लीच केलेले असतील, तर हा खर्च वसूल होतो, कारण अशा केसांवरचा नैसर्गिक स्निग्ध थर गेलेला असतो आणि गवारीचा पातळ थर त्यांना पुरत नाही. खांद्याच्या वर केस असलेल्यांना, पुरुषांना आणि शाळेतल्या मुलांना गवार असलेला शाम्पू पुरेसा आहे. त्यांच्यासाठी कंडिशनरवर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरच्या उपायांत जवस सर्वांत चांगलं. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळून, गरम असतानाच कापडातून गाळलं की जेल मिळतं. जवस १२० रुपये किलो धरलं तर एका वेळचा खर्च अडीच रुपयांच्या आत. या जेलचा थर केसावर बसतो, कुरळे केस नीट जुळतात आणि गुंता कमी होतो. गवारीसारखं ते केसाला घट्ट धरत नाही, त्यामुळे परिणाम पुढच्या धुण्यापर्यंतच टिकतो. त्यात टिकाऊपणाचा घटक नसल्यानं फ्रिजमध्येही आठवड्याच्या आत संपवावं, वास बदलला तर टाकून द्यावं. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रसही याच जातीचा. शिकेकाई आणि रिठा मुळात केस स्वच्छ करणारे आहेत. मऊपणाची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये, आणि पूड डोळ्यांत गेली तर फार झोंबते. आपल्या भागात संत्र्याच्या सालीची पूडही केसांना लावायला सांगतात. तिनं केस मऊ होत नाहीत, आणि बागेत फवारणी झालेली साल डोक्यावर चोळण्यात शहाणपण नाही. स्वयंपाकाचा गवार गमही लावून उपयोग नाही, कारण त्याला तो धन भार नसतो.

‘केराटिन’वर हजारो घालवण्याआधी

पांढुर्ण्यातल्या मुली लग्नाच्या हंगामात नागपूरला जाऊन केस सरळ करून येतात. आता ही सोय लहान गावांतल्या पार्लरांतही पोचली आहे. नावं वेगवेगळी: केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. खर्च काही हजारांत जातो. ३,००० रुपये आणि चार महिने टिकाव धरला तर वर्षाला ९,००० रुपये होतात. एवढ्या पैशांत पुड्यांचा वर्षाचा खर्च एकवीस वेळा भागतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट प्रकृतीची आहे. यांतल्या अनेक क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड सोडणारे घटक असतात. गरम इस्त्री फिरवली की त्याची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि दिवसभर ते काम करणाऱ्या पार्लरमधल्या मुलीला ती सर्वांत जास्त बाधते. फॉर्मल्डिहाइडला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिड आलं, आणि मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत मांडली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षांत तिनं तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. तीच क्रीम उंदरांच्या कातडीवर लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. गवारीचा मोठा रेणू त्वचेवर थांबतो, आणि हा लहानसा रेणू आत शिरतो. घाबरायचंच असेल तर या घटकाला घाबरावं.

तरीही करायचंच ठरलं असेल तर क्रीमचा मूळ डबा हातात घेऊन मागची यादी वाचावी. डब्याचं लेबल काढलेलं असेल किंवा क्रीम सुट्या वाटीत आणली असेल तर उठून यावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे करूच नये. केस सरळ केल्यानंतर एक-दोन दिवसांत मळमळ, उलट्या, पोटात किंवा कंबरेत दुखणं, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना क्रीमबद्दल आवर्जून सांगावं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं.

केस गळत असतील तर

केस गळू लागले की पहिला ठपका शाम्पूवर येतो. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरातल्या १८ गावांत २७९ जणांना अचानक टक्कल पडलं, तेव्हाही आधी शाम्पू आणि पाणी यांच्याकडेच बोट दाखवलं गेलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे लक्ष वेधलं. कारण ताटात असू शकतं आणि आपण ते न्हाणीघरात शोधत बसतो, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडच्या बायकांमध्ये केस गळण्याची नेहमीची कारणं म्हणजे रक्त कमी असणं, थायरॉइड, बाळंतपणानंतरचे महिने आणि टायफॉइड-डेंगीसारखा मोठा ताप. महागडा ‘हेअर फॉल’ शाम्पू घेण्याआधी तेच पैसे हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासणीवर खर्च करावेत. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासायला फारसा खर्चही येत नाही. एका जागी गोल चकती पडली असेल, डोक्यात पू किंवा खपल्या असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

तक्रार कुठं करायची

शाम्पूनं, क्रीमनं किंवा पार्लरमधल्या उपचारानं त्रास झाला तर पाकीट आणि उरलेला माल फेकू नये. बॅच क्रमांक दिसेल असा फोटो, त्वचेचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवावं. पार्लरवाले बिल देत नाहीत. तिथं पैसे यूपीआयनं द्यावेत, म्हणजे निदान नोंद राहते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथं हिंदी-इंग्रजीखेरीज मराठीतही तक्रार नोंदवता येते, आणि मध्य प्रदेशातल्या मराठी माणसासाठी ही मोठी सोय आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, मुदत संपलेला माल दिला, नकली पुडी निघाली, या सगळ्यांसाठी हाच क्रमांक चालतो. नकली किंवा विनापरवाना मालाबद्दल राज्याच्या खाद्य एवं औषधि प्रशासनाकडेही लेखी अर्ज देता येतो. तो हिंदीत द्यावा आणि पोच घ्यावी.

तेवढ्यानं भागलं नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यासाठीच्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. वस्तू नागपूरला किंवा वरूडला घेतली म्हणून महाराष्ट्रात हेलपाटे घालावे लागत नाहीत. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्रास झाल्यापासून २ वर्षांच्या आत तो भरायचा असतो.